‘घरी न्या, सेवा करा’ : अंतिम समयी यंत्राला दिलेला नकार आणि आपली जबाबदारी

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले की राजगुरुनगर मागे टाकून आपण आंबेगाव तालुक्यात शिरतो. मंचर आणि त्यापुढे जुन्नर तालुक्यातील नारायणगाव व आळेफाटा ही महामार्गावरची मोठी गावे. डावीकडे आत वळले की घोडेगाव व जुन्नर ही तालुक्याची ठिकाणे लागतात. त्याही पलीकडे, धरणांच्या मागे, सह्याद्रीच्या कड्यालगत आहुपे, हातवीज, अंजनावळे यांसारखी गावे आहेत. तेथील आदिवासी कुटुंबे भाताच्या खाचरांवर आणि हिरड्याच्या झाडांवर गुजराण करतात. या दोन्ही तालुक्यांतून आजारी माणसे याच रस्त्याने पुण्याकडे नेली जातात. काही बरी होऊन परततात. काहींच्या नातलगांना मात्र रुग्णालयाच्या व्हरांड्यात एक वाक्य ऐकून परतावे लागते : ‘आता घरी न्या, सेवा करा.’

मराठी मुलुखातील क्वचितच एखादे कुटुंब असेल, की ज्याने हे वाक्य कधी ऐकलेले नाही. वाक्य मोजक्या शब्दांचे आहे, परंतु त्याचे दोन भाग आहेत. ‘घरी न्या’ म्हणजे यंत्रे व औषधे आता आजार उलटवू शकत नाहीत. ‘सेवा करा’ म्हणजे माणूस अजून आपल्यात आहे आणि त्याला आपली गरज आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या देशातील न्यायालयांनी पहिल्या भागाचा पुष्कळ विचार केला. दुसरा भाग मात्र अद्याप कुटुंबाच्या नशिबावर सोडलेला आहे. या दोन भागांची फारकत होऊ देणे धोक्याचे आहे, असे आमचे मत असून त्याची कारणे आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

छाती दाबणे म्हणजे काय?

इंग्रजी आद्याक्षरांनी ज्याला ‘डीएनआर’ म्हणतात, त्या आदेशाचा अर्थ इतकाच, की रुग्णाचे हृदय व श्वास थांबले तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. हा प्रयत्न, म्हणजे ‘सीपीआर’, कसा असतो हे पुष्कळांनी केवळ चित्रपटांत पाहिलेले असते. प्रत्यक्षात छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रौढ माणसाची छाती किमान ५ सेंटीमीटर आत जाईल इतक्या जोराने दाब द्यावा लागतो. विजेचे झटके, घशात नळी, त्यानंतर व्हेंटिलेटर आणि अतिदक्षता विभाग हे त्याचे पुढचे टप्पे. वृद्ध माणसाच्या फासळ्या या प्रयत्नात मोडणे ही नित्याची गोष्ट आहे.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टरांनी १९६० साली ही पद्धत वैद्यकीय जगापुढे मांडली. जे हृदय अकस्मात थांबले, परंतु ज्या शरीरात जगण्याची शक्ती शिल्लक आहे, अशा शरीरासाठी ती होती आणि तेथे तिने असंख्य प्राण वाचविले. कुकडीच्या कालव्यात बुडालेले मूल, मोटार सुरू करताना विजेचा धक्का बसलेला शेतकरी, हृदयविकाराचा झटका येऊन पडलेला पन्नाशीतला गृहस्थ या प्रत्येकासाठी हा प्रयत्न झालाच पाहिजे. मण्यार चावल्याने ज्याचे श्वासाचे स्नायू लुळे पडले, त्याला व्हेंटिलेटर लावला आणि प्रतिविष वेळेवर मिळाले, तर तो काही दिवसांनी चालत घरी येऊ शकतो. तेथे यंत्र हा आजार उतरेपर्यंतचा आधार असतो. अशा रुग्णाच्या बाबतीत ‘कशाला त्रास देता’ म्हणणे हा अपराध ठरेल.

परंतु कर्करोग सर्वांगात पसरलेला आहे, किंवा मूत्रपिंड, यकृत व हृदय एकामागून एक थकत आलेली आहेत, किंवा नव्वदी ओलांडलेला देह दिव्यातील तेल संपावे तसा मंदावत आहे, तेथे हृदय थांबणे हा आजाराचा शेवट असतो, अपघात नव्हे. तेथे छाती दाबल्याने आजार जात नाही. फार तर मरणाचे काही तास लांबतात, आणि ते तास नातवंडांच्या सहवासात न जाता काचेच्या दाराआड जातात. एकच कृती एका ठिकाणी प्राणदान ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी व्यर्थ छळ. हा भेद ओळखणे हेच या विषयाचे मर्म आहे.

कायद्याची वाट

आपल्या देशात हा प्रश्न लोकांच्या मनात प्रथम उभा राहिला तो मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यामुळे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला आणि त्यानंतर त्या बेचाळीस वर्षांच्या आसपास त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे अन्न थांबविण्याची परवानगी मागणारी लेखिका पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. त्याच निकालात, ठरावीक परिस्थितीत व उच्च न्यायालयाच्या संमतीने, जीवनाधार काढून घेण्याची वाट मात्र न्यायालयाने मोकळी केली. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने जे दिले ते विसरता येणार नाही : ज्यांनी इतकी वर्षे त्यांची सेवा केली त्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, ते त्याच परिचारिकांच्या सान्निध्यात.

पुढे ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या २००५ सालच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी निकाल दिला. सन्मानाने मरण येणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, सज्ञान व भानावर असलेल्या व्यक्तीला उपचार नाकारता येतात, आणि पुढे बोलता येणार नाही अशी अवस्था आली तर काय करावे व काय करू नये हे तिला आधी लिहून ठेवता येते, असे न्यायालयाने ठरविले. या लेखाला ‘लिव्हिंग विल’ किंवा वैद्यकीय इच्छापत्र असे म्हणतात. मात्र त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वाक्षरी सक्तीची केल्याने ही सोय सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर राहिली. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही अट शिथिल केली.

आता अशा इच्छापत्रावर दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, अशा एक किंवा अधिक जवळच्या व्यक्तींची नावे त्यात लिहावयाची असतात. एक प्रत त्या व्यक्तींना व कौटुंबिक डॉक्टरला द्यावयाची, आणि एक ग्रामपंचायत, नगरपालिका अथवा महानगरपालिकेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे. त्या अधिकाऱ्याने ती जपून ठेवण्यासाठी एक अभिरक्षक नेमावयाचा असतो. लिहिणाऱ्याला हा लेख केव्हाही बदलता किंवा रद्द करता येतो. प्रत्यक्ष अंमलबजावणीच्या वेळी रुग्णालयाचे प्राथमिक वैद्यकीय मंडळ व त्यानंतर दुय्यम मंडळ अशा दोन मंडळांनी शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत द्यावे आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना तसे कळवावे, अशी रीत आहे. या मंडळांवरील तज्ज्ञांना किमान पाच वर्षांचा अनुभव असावा लागतो. त्याआधी, २०२० साली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही ‘पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करू नये’ असा निर्णय डॉक्टरांनी रुग्णाशी व नातलगांशी बोलून कसा घ्यावा, याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत.

गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी ३१ मे २०२४ रोजी स्वतःचे इच्छापत्र करून त्या राज्यात या प्रथेचा आरंभ केला. महाराष्ट्रात मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी अभिरक्षक नेमले जावेत म्हणून उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये असे अधिकारी नेमल्याचे शासनाने न्यायालयास २०२४ साली सांगितले.

घराच्या उंबरठ्याशी थांबलेला कायदा

ही सारी वाटचाल स्वागतार्ह आहे. तथापि ती रुग्णालयाच्या इमारतीत घडते, ही गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. दोन मंडळे, अनुभवी तज्ज्ञ, ४८ तास ही भाषा मोठ्या शहरातील रुग्णालयाची आहे. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा घोडेगाव, जुन्नर व नारायणगाव येथील ग्रामीण रुग्णालये यांना इतके तज्ज्ञ एका वेळी कोठून मिळावेत? आणि ज्या वृद्धेला घराच्या ओसरीवर, आपल्या माणसांत डोळे मिटावयाचे आहेत, तिच्यासाठी तर यांतील एकही मंडळ भरणार नाही.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९९० च्या दशकात एक साधी पद्धत सुरू झाली. रुग्णाशी बोलून डॉक्टर एका गुलाबी कागदावर त्याची इच्छा वैद्यकीय आदेशाच्या स्वरूपात लिहितात आणि तो कागद घरात फ्रीजवर लावून ठेवतात. रुग्णवाहिकेचे पथक आले की प्रथम तो कागद पाहते. आपल्या न्यायालयाने घालून दिलेली रीत रुग्णालयातील उपचारांच्या अनुषंगाने आहे, त्यामुळे घरी आलेल्या १०८ च्या पथकापुढे धरता येईल असा कागद तिच्यातून निर्माण झालेला नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेल्या या रुग्णवाहिका सेवेने अपघातग्रस्तांना व बाळंतिणींना मोठा आधार दिला आहे. परंतु तिला बोलावणे म्हणजे ‘वाचवा’ असे म्हणणे. ती आल्यावर पथकाने हात बांधून उभे राहावे, अशी अपेक्षा कोणी करू नये.

म्हणून घरी येणाऱ्या मरणाच्या बाबतीत खरा निर्णय कागदावर होत नाही. तो मध्यरात्री, घरघर सुरू झाली असता, ‘फोन करायचा की नाही’ या एका प्रश्नापाशी होतो. आईने महिनाभर आधी ‘मला आता कुठे नेऊ नका रे’ म्हटलेले असते. परंतु थोरल्याला वाटते, नेले नाही तर भाऊबंद काय म्हणतील? मुंबईहून निघालेला धाकटा फोनवर सांगतो, मी येईपर्यंत काहीही करून ठेवा. शेजारी म्हणतात, असेच बघत बसणार का? आणि गाडी मागविली जाते. मंचरपासून पुणे सुमारे ६० किलोमीटर. कित्येकदा देह वाटेतच शांत होतो. जिला कुठे जायचे नव्हते, ती रस्त्यावर जाते. यात कोणाचाही दुष्टावा नसतो. आधी कोणी कोणाशी बोललेले नसते, इतकेच.

गरिबाची सही

याची दुसरी बाजू अधिक दुःखद आहे. अतिदक्षता विभागातील खर्च दिवसागणिक वाढत जातो. प्रथम घरातील पैसा, मग सोसायटीचे कर्ज, मग सोने, अखेर जमिनीचा तुकडा असा क्रम लागतो. मग एके दिवशी कुटुंब म्हणते, आता नेतो. त्यावेळी एका कागदावर सही घेतली जाते, की डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला नेत आहोत. हा कागद नाइलाजाचा असतो. सही करणारा मुलगा पुढे वर्षानुवर्षे मनाशी म्हणत राहतो, की मीच बापाला मारले. कदाचित डॉक्टरांचेही मत तेच असते, की उपचारांचा उपयोग उरलेला नाही. परंतु तसे स्पष्ट सांगण्याचे व लिहून देण्याचे धैर्य झालेले नसते. निर्णयाचा सारा भार त्या सहीवर टाकून रुग्णालय मोकळे होते.

अशा रुग्णाबरोबर घरी काय येते? बहुधा औषधांची जुनी चिठ्ठी आणि बिलांची पिशवी. वेदना वाढली तर काय द्यावे, श्वास कोंडला तर कसे बसवावे, तोंड कोरडे पडले तर काय करावे, शय्याव्रण कसे धुवावेत, हे कोणी सांगितलेले नसते. ‘घरी न्या’ पूर्ण झाले. ‘सेवा करा’ मात्र वाऱ्यावर राहिले.

येथे न्यायाचा एक प्रश्न आहे. श्रीमंत माणूस विचार करून यंत्राला नकार देतो तेव्हा आपण त्याला सन्मान म्हणतो. गरीब माणूस पैसे संपले म्हणून तोच नकार देतो तेव्हा त्याला काय म्हणावे? ज्याला होकार देणे परवडतच नाही, त्याचा नकार खऱ्या अर्थाने त्याचा नसतो. बरा होण्याजोगा रुग्ण पैशाअभावी घरी आणला जाणे आणि न बरा होणारा रुग्ण त्याच्या इच्छेने घरी येणे, या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इच्छापत्राच्या चळवळीने पहिल्या प्रकारावर पांघरूण घातले, तर ती आपल्या हेतूलाच पारखी होईल.

ख्रिस्तसभेची शिकवण

या विषयात पुष्कळ भाविकांच्या मनात गोंधळ असतो. यंत्र नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे काय? यंत्र लावू नका म्हणणारी मुले पापाचे धनी होत नाहीत काय? ख्रिस्तसभेची भूमिका याबाबत जुनी व सुस्पष्ट आहे. पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितले, की जीवनरक्षणाची सर्वसाधारण साधने वापरणे आपल्यावर बंधनकारक आहे, असाधारण साधने नव्हेत. श्वासयंत्राविषयीच तेव्हा प्रश्न विचारला गेला होता. त्याच वर्षी त्यांनी असेही सांगितले होते, की वेदना शमविण्याच्या हेतूने दिलेले औषध आयुष्य काहीसे कमी करील असे असले, तरी दुसरा उपाय नसेल तर ते देणे गैर नाही. ५ मे १९८० चे इच्छामरणाविषयीचे निवेदन, पोप जॉन पॉल दुसरे यांचे १९९५ सालचे ‘जीवनाची सुवार्ता’ हे विश्वपत्र आणि कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ यांनी हेच तत्त्व पुढे नेले. मरण आणणे वेगळे आणि ते अडविता येत नाही हे स्वीकारणे वेगळे. पहिले आपल्याला कदापि मान्य नाही. दुसऱ्यात देवाच्या हाती स्वतःला सोपविण्याची श्रद्धा असू शकते.

पोप जॉन पॉल यांनी हा भेद आपल्या मरणानेही दाखविला. २००५ सालच्या फेब्रुवारी महिन्यात त्यांनी रुग्णालयातील उपचार घेतले, घशाची शस्त्रक्रियाही स्वीकारली. मार्चअखेर प्रकृती ढासळली तेव्हा मात्र ते पुन्हा रुग्णालयात गेले नाहीत. २ एप्रिल रोजी आपल्या निवासातच, प्रार्थनेच्या सान्निध्यात त्यांनी देह ठेवला.

अन्न व पाणी यांबाबत मात्र ख्रिस्तसभा सावध आहे. विनोबा भावे यांनी १९८२ साली पवनारच्या आश्रमात अन्न, पाणी व औषधे सोडून देह ठेवला. आपल्या भूमीतील प्रायोपवेशनाच्या परंपरेतील ती घटना असून तिच्याविषयी पुष्कळांच्या मनात आदर आहे. परंतु यंत्र नाकारणे आणि अन्नपाणी सोडणे या दोन गोष्टी एक मानता येणार नाहीत. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांतविषयक मंडळाने २००७ साली स्पष्ट केले, की अन्नपाणी पुरविणे, नळीवाटे असले तरी, तत्त्वतः सर्वसाधारण सेवेतच मोडते, जोवर शरीर ते स्वीकारीत आहे व त्याने पोषण होत आहे. अखेरच्या घटकेस देहच अन्न नाकारतो. तेव्हा बळेबळे भरविणे ही सेवा नव्हे. ओल्या कापसाने ओठ भिजविणे ही सेवा होय.

याच मंडळाने २०२० साली ‘समॅरिटानुस बोनुस’, म्हणजे ‘चांगला शोमरोनी’, या नावाचे पत्र प्रसिद्ध केले. निरर्थक उपचार नाकारण्याचा हक्क त्यात मान्य केलेला आहे. परंतु ‘पुनरुज्जीवन करू नका’ अशा छापील आदेशांचा काही देशांत यांत्रिक वापर होतो आणि त्यामुळे रुग्णाच्या रक्षणाचे कर्तव्यच मागे पडते, असा इशाराही त्यात दिला आहे. कागदावर खूण झाली की माणसाकडे बघणेच थांबते, ही ती भीती. आमच्या मते हा इशारा आपल्या खेड्यांना अधिक लागू पडतो, कारण येथे कागदाशिवायही माणसाकडे बघणे थांबलेले आपण पाहतो.

सेवेची साधने

‘सेवा करा’ या शब्दांना शास्त्र आहे. त्याला पॅलिएटिव्ह केअर किंवा उपशामक सेवा म्हणतात. वेदना, धाप, मळमळ, जखमा, भीती यांवर उपचार करावयाचे, आजार बरा होणार नसला तरी. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ‘शांती आवेदना सदन’ सुरू केले. देशातील हे या प्रकारचे पहिले केंद्र असून त्याच्या सेवेत धर्मभगिनींचा वाटा मोठा आहे. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करते आणि नातलगांना ती शिकविते. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे गुणकारी व स्वस्त औषध आहे. अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळणे अवघड झाले होते. २०१४ सालच्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सुलभ केले.

केंद्र शासनाने २०१२ साली उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. गावोगावची उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ या नावाने ओळखली जातात, आणि तेथे द्यावयाच्या सेवांच्या यादीत वृद्धांची व उपशामक सेवा समाविष्ट आहे. म्हणजे आपण काही नवे मागत नाही. जे यादीत आहे ते दारात यावे, एवढेच मागावयाचे आहे. मंचर किंवा नारायणगावच्या शासकीय रुग्णालयात मॉर्फिन मिळते काय? आशा सेविकेला अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या भेटीचे प्रशिक्षण आहे काय? आपल्या ग्रामपंचायतीतील इच्छापत्रांचा अभिरक्षक कोण? हे तीन प्रश्न ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे, आणि ते विचारले जावेत.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, घरात बोलावे. आईवडील भानावर असताना, शांतपणे, सर्व भावंडांसमक्ष विचारावे, की वेळ आली तर तुमची इच्छा काय. हा विषय अभद्र मानून आपण टाळतो आणि मग तो मध्यरात्री आपल्याला गाठतो. जपमाळेत दररोज आपण पवित्र मरियेकडे मरणाच्या घटकेसाठी विनंती करतो, सुमरणासाठी संत योसेफाचा धावा करतो. ज्या घटकेविषयी देवापुढे रोज बोलतो, तिच्याविषयी मुलांपुढे एकदा बोलण्यास संकोच कसला?

दुसरी गोष्ट, जे ठरेल ते लिहावे. इच्छापत्र रीतसर केल्यास उत्तमच. घोडेगाव व जुन्नर येथे न्यायालये असून त्या परिसरात नोटरीची सोय होते. त्यात केवळ काय नको हे लिहू नये, काय हवे तेही लिहावे : वेदनाशमन हवे, अन्नपाणी हवे, धर्मगुरूंना बोलवावे, घरीच ठेवावे. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी निदान आपल्या डॉक्टरांना सर्वांसमक्ष सांगून ठेवावे, आणि आजार अंतिम टप्प्यात असल्याची त्यांची चिठ्ठी घरात ठेवावी. अशा चिठ्ठीला न्यायालयीन आदेशाचे बळ नसले, तरी मध्यरात्री घाबरलेल्या मुलाला ती धीर देते. घरी नैसर्गिक मृत्यू आल्यावर डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन २१ दिवसांत नोंद करावी. त्यासाठीही हीच चिठ्ठी उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट, डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : हा आजार उलटण्याजोगा आहे काय? उत्तर ‘होय’ असेल, तर पैसा नाही म्हणून कोणी घरी परतू नये. शासकीय योजना, धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा आणि धर्मग्रामाची मदत यांसाठी धावाधाव करण्याची ती वेळ. उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढचा प्रश्न विचारावा : मग घरी सेवा कशी करावी, ते लिहून द्या.

चौथी गोष्ट धर्मग्रामाची. घरी आणलेल्या रुग्णाकडे धर्मगुरू वेळेत यावेत, अभ्यंगसंस्कार व परमप्रसाद तो भानावर असताना मिळावा, यासाठी निरोप शेवटच्या तासापर्यंत थांबवू नये. या तालुक्यांत आपली संख्या अल्प आहे, अंतरे मोठी आहेत. परंतु रात्रभर जागणाऱ्या सुनेला दोन तास झोप मिळावी म्हणून शेजारच्या बाईने येऊन बसणे, याला अंतर लागत नाही आणि धर्माची अटही नाही. ज्या घरात अशी सोबत मिळते, त्या घरातील माणसाला ‘मी ओझे झालो’ असे वाटत नाही. २०१८ सालच्या सुमारास मुंबईतील एका वृद्ध दांपत्याने, गंभीर आजार नसतानाही, इच्छामरण मिळावे म्हणून राष्ट्रपतींकडे अर्ज केल्याचे सर्वांनी वाचले असेल. त्या मागणीला आपण संमती देऊ शकत नाही. परंतु एकाकीपणाची भीती माणसाला कोठवर नेते हे ओळखण्यास ती पुरेशी आहे.

पुनरुज्जीवन आणि पुनरुत्थान या दोन शब्दांत आपण अंतर ठेवतो. लाजराला प्रभूने कबरेतून उठविले, तोही पुढे केव्हातरी मरण पावलाच. आपली आशा दुसऱ्या शब्दावर आहे, म्हणून पहिल्याचा अट्टहास धरण्याचे आपल्याला कारण नाही. परंतु हीच आशा आपल्यावर सेवेचे बंधनही घालते. यंत्राला नकार देणारा हात त्याच क्षणी रुग्णाचा हात धरण्यास मोकळा झाला पाहिजे. तसे झाले नाही, तर तो नकार कायद्याने कितीही शुद्ध असो, आपल्याला शोभणारा नव्हे. मंचरच्या किंवा नारायणगावच्या रस्त्याने परतणाऱ्या प्रत्येक गाडीत ‘घरी न्या’ या शब्दांबरोबर ‘सेवा करा’ याची साधनेही असावीत, यासाठी आपण प्रार्थना करू या आणि येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारूही या.